स्क्रीनवरच्या बटणांची जागा नेमकी मोजायची कशी? (कोरलवाल्यांनी जरूर वाचा)

अर्धा मिमी | मंगळवार, रात्री ९.४०

मंडळी, नाशिकच्या सातपूरला माझं छोटं डीटीपीचं (संगणकावर छपाईची पानं लावायचं) काम आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, द्राक्षाच्या पेट्यांची छपाई असं सगळं कोरलमध्ये (कोरलड्रॉ, चित्रं-मजकूर मांडायचं सॉफ्टवेअर) करते. बावीस वर्षं झाली, पण आजवर जे केलं ते कागदासाठी. यंदा पहिल्यांदाच स्क्रीनचं काम आलंय आणि मी पार गोंधळले आहे.

अंबडमधले एकजण द्राक्षं वजन करून पनेटमध्ये (प्लास्टिकच्या छोट्या डब्यात) भरायचं मशीन बनवतात. त्याला ७ इंची टच पॅनल आहे, ८०० × ४८०. पॅनलच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं की जोडाक्षरं तुटतात, वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. म्हणून ठरलं असं की मजकुरासकट सगळी स्क्रीन चित्र म्हणून मी करायची आणि प्रोग्रामरने त्यावर न दिसणारी बटणं ठेवायची. त्याला प्रत्येक बटणाचे चार आकडे हवेत: एक्स, वाय, रुंदी, उंची.

मी कोरलच्या वरच्या पट्टीत दिसतात ते आकडे वहीत उतरवून दिले. 'सुरू' १२०, ४१२. 'थांबा' ६८०, ४१२. 'पाठीमागे' १२०, ६८. सगळी बटणं १६० × ६४. आज त्याचा फोन, "मॅडम, सगळं घसरलंय. सुरू दाबलं तर काही होत नाही, पण सुरूच्या खाली हात लावला की पाठीमागे जातंय. आणि थांबाचं शेपूट पडद्याबाहेर."

मग मी पडद्यावर मोजपट्टी लावायचं एक सॉफ्टवेअर घेतलं आणि चित्र ब्राउझरमध्ये उघडून मोजलं, तर १६०चं बटण २०० भरलं! आता खरं कोण, कोरल, मोजपट्टी की प्रोग्रामर? शुक्रवारी मशीन नाशिकबाहेर जायचंय. मदत करा.

मिसळीतला पाव | रात्री ९.५२

खरा प्रोग्रामर. बिल तोच पास करणार ना.

कोपऱ्यातला | रात्री १०.०५

ताई, घाबरू नका. तिघंही खरं बोलतायत, फक्त तिघांची भाषा वेगळी आहे.

कोरलचं शून्य पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि वाय वरच्या दिशेने वाढतो, शाळेतल्या आलेखासारखा. पडद्याचं शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात, तिथे वाय खाली वाढतो. हा झाला पहिला घोळ. दुसरा असा की कोरल मुळात वस्तूच्या मध्यबिंदूचे आकडे दाखवतं आणि प्रोग्रामरला हवा असतो बटणाचा वरचा डावा कोपरा.

तुमच्या 'सुरू'चा मध्य १२०, ४१२. रुंदीचा अर्धा ८०, म्हणजे डावी कड १२० − ८० = ४०. वरून मोजायचं तर ४८० − ४१२ = ६८, त्यातून उंचीचा अर्धा ३२ वजा केला की ३६. प्रोग्रामरला द्यायचा आकडा आहे ४०, ३६. त्याने १२०, ४१२ हा कोपरा धरला, त्यामुळे तुमचं वरचं बटण थेट तळाला गेलं.

'पाठीमागे'चं बरोब्बर उलटं झालं. खरी जागा ४०, ३८०. त्याने ठेवलं १२०, ६८ वर, म्हणजे तुमच्या 'सुरू'च्या चित्राच्या खालच्या उजव्या भागावर. आणि 'थांबा'? ६८० + १६० = ८४०. पडदा ८००ला संपतो. हे घ्या शेपूट!

अर्धा मिमी | रात्री १०.११

अगं बाई! चाळीस पिक्सेल बाहेर, तेवढंच सांगत होता तो. म्हणजे प्रत्येक बटणासाठी हे गणित करायचं? ६ स्क्रीन आहेत, बटणं ४३.

कोपऱ्यातला | रात्री १०.१९

नाही हो. कोरलच्या खिडकीच्या कडेची आडवी आणि उभी मोजपट्टी जिथे मिळतात तिथे कोपऱ्यात एक चौकोन आहे. तो माउसने धरून ओढा आणि पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर सोडा. शून्य तिथे येतं. मग वरच्या पट्टीत एक्स-वायच्या शेजारी नऊ ठिपक्यांची चौकट आहे ना, तिच्यातला वरचा डावा ठिपका निवडा. 'सुरू'वर क्लिक केलं की ४० आणि −३६ दिसेल. वजाचं चिन्ह सोडून द्या. बिघडलं तर त्याच कोपऱ्यावर डबल क्लिक, शून्य पूर्ववत.

स्नॅप (कोपऱ्याला आपोआप चिकटायची सोय) सुरू ठेवा, नाहीतर शून्य ०.३ पिक्सेलवर सुटेल आणि उद्या पुन्हा धागा काढाल.

मायक्रोमीटर | रात्री १०.३४

अंबडला सीएनसीवर (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) १७ वर्षं काढली. आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिले त्याला हेच शिकवतो. मशीनचं शून्य वेगळं, जॉबचं (कापायच्या तुकड्याचं) शून्य वेगळं. जॉब व्हाइसमध्ये पकडला की आधी कोपरा टच करायचा, जॉबचं शून्य मशीनला सांगायचं (ऑफसेट, जी-५४), मग टूल खाली आणायचा. ड्रॉइंगवर डेटम (मापं कुठून मोजायची ती जागा) लिहिलेला नसेल तर मी ड्रॉइंगला हातच लावत नाही, परत पाठवतो. एका पोराने समोरासमोरच्या कोपऱ्यात गोंधळ केला होता, ४० हजारांचा कास्टिंग भंगारात गेला. तुमची तर नुसती बटणं घसरलीत ताई, एरर झाली तरी चित्रच आहे.

तुमच्या वहीत पानाच्या वर शून्य कुठे, हे लिहिलं होतं का?

अर्धा मिमी | रात्री १०.४०

नव्हतं लिहिलं. एक्स आणि वाय एवढंच.

आडवाउभा | रात्री १०.४८

कोरल कशाला वापरता २१व्या शतकात? फिग्मा घ्या, ब्राउझरमध्ये चालतं, सुरुवातीला फुकट. शून्य वर डावीकडे, आकडे कोपऱ्याचे. एक वस्तू निवडा, ऑल्ट दाबून दुसरीवर माउस न्या, मधलं अंतर लाल रेघेत समोर. बाण दाबला की १ पिक्सेल, शिफ्टबरोबर १०. ऑल्ट-ए ने डावीकडे रांगेत, ऑल्ट-एच ने मध्यावर. सगळे प्रश्न दोन मिनिटांत संपले.

पंचवटीकर | रात्री १०.५७

आले फिग्मावाले. भाऊ, नाशकातल्या अर्ध्या छापखान्यांच्या फायली कोरलमध्ये आहेत. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन येतं, त्यात २००९ची फाईल असते आणि "फक्त तारीख बदला" म्हणतं. त्याला फिग्माची लिंक पाठवू?

आणि कोरलमध्येही रांगेत लावायला एकेक अक्षर पुरतं. एल डावीकडे, आर उजवीकडे, टी वर, बी खाली, ई आणि सी मध्यावर, पी पानाच्या मधोमध. फक्त लक्षात ठेवा, शिफ्ट धरून एकेक निवडलं तर शेवटी जी वस्तू निवडली ती जागची हलत नाही, बाकीच्या तिच्याकडे येतात. पहिली कितीतरी वर्षं मी उलट समजत होतो आणि दरवेळी कंट्रोल-झेड.

आडवाउभा | रात्री ११.०२

फिग्मातही एक फसगत आहे, प्रामाणिकपणे सांगतो. फ्रेमच्या आतल्या वस्तूचे आकडे त्या फ्रेमच्या कोपऱ्यापासून येतात, पूर्ण पडद्याच्या नाही. मायक्रोमीटर काकांचं जॉब शून्य तेच. माझ्या एका प्रोग्रामरला मी आतल्या फ्रेमचे आकडे दिले होते आणि सगळी बटणं डाव्या वरच्या कोपऱ्यात गर्दी करून बसली, रविवार कारंज्यावरच्या रिक्षांसारखी.

मिसळीतला पाव | रात्री ११.०४

रिक्षा निदान हॉर्न तरी देतात.

रात्रपाळी | रात्री १२.२०

मोजपट्टीने २०० का दाखवलं, याचं उत्तर कुणीच दिलं नाही. ताई, तुमच्या लॅपटॉपवर विंडोजचं डिस्प्ले स्केल १२५ टक्के आहे. १६० × १.२५ = २००. लहान लॅपटॉपवर अक्षरं वाचता यावीत म्हणून विंडोज ते आपोआप ठेवतं. ब्राउझर चित्र सव्वापट मोठं करून दाखवतो आणि मोजपट्टी पडद्याचे खरे पिक्सेल मोजते. स्क्रीनशॉट काढलात तर त्यातही २००च येणार.

मोजायचंच असेल तर सेटिंगमध्ये स्केल १०० टक्के करा आणि ब्राउझरचं झूमही कंट्रोल-शून्य दाबून १००वर आणा. बाकी मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधली स्क्रीन रूलर कामाची आहे. रंग जिथे बदलतो ती कड ती स्वतः शोधते, त्यामुळे सावली असलेल्या बटणावर जरा भरकटते. तेव्हा माउसचं चाक फिरवून किती फरकाला कड मानायची ते बदलायचं. जीआयएमपी असेल तर त्यात शिफ्ट-एम, इंकस्केपमध्ये नुसतं एम दाबलं की मोजायचं हत्यार येतं. मॅकवाल्यांनी कमांड-शिफ्ट-४ दाबावं, अधिकच्या चिन्हाशेजारी आकडे दिसतात, मग एस्केप.

पण खरं सांगू का, स्क्रीनशॉटवरून मोजणं म्हणजे झेरॉक्सवरून जमीन मोजणं. मूळ फाईल हातात असताना ते करूच नये.

भूमिती मास्तर | बुधवार, सकाळी ६.१५

थोडी भर. ८०० पिक्सेलच्या पडद्यावर पिक्सेलचे क्रमांक ० ते ७९९ असतात. तुमचं बटण ४०पासून सुरू होऊन १६० रुंद आहे, म्हणजे त्याचा शेवटचा पिक्सेल १९९वा, २००वा नव्हे. पुढचं बटण खेटून हवं असेल तर ते २००पासून सुरू होईल. काही पॅनलची सॉफ्टवेअरं रुंदी न घेता शेवटचा बिंदू विचारतात. तिथे हमखास १ पिक्सेलची चूक होते.

द्राक्षवेल | सकाळी ७.०२

मास्तर, हे आमच्या बागेत रोजचं आहे. १०० फुटांच्या ओळीत दर १० फुटांवर अँगल (वेलीला आधाराचा लोखंडी खांब) लावायचा तर किती अँगल लागतात? नवीन गडी १० सांगतो. लागतात ११. मधल्या जागा १०, अँगल ११. पिंपळगावहून परत जाऊन एक अँगल आणायचा म्हणजे अर्धा दिवस गेला.

ताई, मशीन द्राक्षाचंच आहे तर सांगतो. पॅकहाउसमध्ये बायका हातमोजे घालून काम करतात. बटणं मोठी ठेवा.

अर्धा मिमी | सकाळी ९.३०

सर्वांचे आभार! रात्री एकपर्यंत बसून शून्य हलवलं आणि ४३ आकडे पुन्हा काढले. प्रोग्रामरचा निरोप आला, बटणं जागेवर बसली.

पण आता तो म्हणतोय चित्र "फुसफुशीत" दिसतंय. कडा मऊ आहेत, बारीक रेघा कुठे जाड कुठे गायब. कोरलमध्ये मोठं करून पाहिलं तर एकदम कोरीव आहे.

पंचवटीकर | सकाळी ९.४४

एक्स्पोर्ट किती डीपीआयला (एका इंचात किती ठिपके) केलं?

अर्धा मिमी | सकाळी ९.४६

३००. नेहमीसारखं. जेपीजी.

पंचवटीकर | सकाळी ९.५१

वाटलंच. सवय जात नाही. :)

९६ डीपीआयला ८०० × ४८० म्हणजे २११.६७ × १२७ मिमीचं पान. ते ३००ला काढलं की चित्र २५०० × १५०० होतं. प्रोग्रामरने ते दाबून ८००वर आणलं. आता २५०० भागिले ८०० किती? ३.१२५. पूर्णांक नाही, म्हणून एकेक रेघ अर्धी या पिक्सेलमध्ये, अर्धी त्या पिक्सेलमध्ये. छपाईत ३००ने गुण वाढतात, इथे वजाच होतात. एक्स्पोर्टच्या खिडकीत डीपीआयकडे बघूच नका, रुंदी-उंचीत थेट ८०० आणि ४८० पिक्सेल आहेत का ते बघा. आणि जेपीजी नको, पीएनजी. जेपीजीत लाल बटणाच्या कडेला मळ साचतो.

बॉर्डर किती जाड आहे?

अर्धा मिमी | सकाळी ९.५५

१ पिक्सेल, काळी.

पंचवटीकर | सकाळी १०.०३

आउटलाइन कडेच्या मधोमध बसते. अर्धा पिक्सेल आत, अर्धा बाहेर. अर्धा पिक्सेल पडद्यावर नसतोच, म्हणून दोन्हीकडे राखाडी. आउटलाइनच्या खिडकीत ती पूर्ण आत घ्यायची सोय आहे (कोरलच्या एक्स-७ आवृत्तीपासून आली). त्याहून जुनं असेल तर माझी पद्धत: बॉर्डर काढूनच टाका. काळा चौकोन १६० × ६४, त्यावर रंगीत चौकोन १५८ × ६२, दोन्ही निवडून ई आणि सी. संपलं.

जुना पेंटर | सकाळी ११.१५

मुलांनो, तुमचं वाचून गंमत वाटते. आम्ही शालिमारच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या तेव्हा पिक्सेल नव्हता. खडूची दोरी ताणून टिचकी मारायची, दोन रेघा उमटायच्या. वरची शिरोरेषेची, खालची पायाची. रेघ आधी, अक्षर नंतर. वेलांटी आणि रफार रेघेच्या वर, उकार रेघेच्या खाली, त्यांना मोजायचंच नाही.

संगणकाचं मधोमध मला कधी पटत नाही. परवा नातवाने एका बोर्डावर अक्षरं मधोमध केली म्हणाला, बघतो तर एक शब्द वर, एक खाली. आकडे बरोबर आहेत म्हणून भांडत होता माझ्याशी.

अर्धा मिमी | सकाळी ११.३२

काका, तुम्ही माझ्या मनातलं बोललात! हे मी विचारणारच होते. 'सुरू' आणि 'थांबा' एकाच रांगेत आहेत. दोन्ही शब्द आपापल्या बटणाच्या बरोबर मध्यावर केले, तरी 'सुरू'ची शिरोरेषा वर दिसते आणि 'थांबा'ची खाली. बटणं मात्र तंतोतंत एका रेषेत.

आडवाउभा | सकाळी ११.४५

कारण सॉफ्टवेअर शब्दाची चौकट मोजतं. 'सुरू'ला खाली उकार लोंबतो, चौकट खाली वाढते, म्हणून मध्य साधायला शब्द वर सरकतो. 'थांबा'ला वर अनुस्वार आहे, चौकट वर वाढते, म्हणून शब्द खाली सरकतो. दोन्हींचा मध्य एकच, शिरोरेषा दोन.

पेंटर काकांची दोरी म्हणजे आमची गाइडलाइन. पट्टीवरून ओढून शिरोरेषेवर एक गाइड ठेवा आणि रांगेतले सगळे शब्द तिला टांगा. टांगा हा शब्द मुद्दाम वापरतोय. रोमन अक्षरं पायाच्या रेषेवर उभी असतात, आपली शिरोरेषेला लोंबतात. ब्राउझरच्या रेखाटनाच्या नियमांतही देवनागरीसाठी अशी वरची, लोंबती आधाररेषा वेगळी धरलेली आहे. फॉन्ट आणि आकार एकच असेल तर पायाच्या रेषेवर जुळवलं तरी शिरोरेषा आपोआप जुळते. कोरलच्या अलाइनच्या खिडकीत मजकुरासाठी चौकट की आधाररेषा, असा पर्याय आहे तो बघा.

पंचवटीकर | सकाळी ११.५२

फिग्मावाल्याने कोरलचा पर्याय सांगितला. सिंहस्थाआधीच पुण्य लागलं.

मिसळीतला पाव | दुपारी १२.१०

फ्लेक्सचं अलाइनमेंट कुणी बोलणार आहे का? एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मी १४ फोटो रांगेत, सारख्या मापाचे, सारख्या अंतरावर लावले. इतकं सुबक काम आयुष्यात केलं नव्हतं. कार्यकर्ता म्हणाला, "साहेब आणि मी सारखेच दिसतोय. मला १० टक्के लहान कर, आणि त्या तिसऱ्याला निम्मा."

पंचवटीकर | दुपारी १२.१८

फोटो चौकटीने नाही, डोळ्यांनी जुळवायचे. सगळ्यांचे डोळे एका गाइडवर. मग लहानमोठे असले तरी रांग सरळ दिसते. आणि साहेबांचे डोळे अर्धा इंच वर.

भूमिती मास्तर | दुपारी २.४०

पेंटर काकांच्या मुद्द्याला गणिताचाही आधार आहे. गोलात 'पुढे'चा त्रिकोण चौकटीच्या मध्यावर ठेवला की तो मागे राहिल्यासारखा दिसतो. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य पायापासून एक तृतीयांशावर असतो, चौकटीचा मध्य निम्म्यावर. ६० पिक्सेल लांब त्रिकोण असेल तर गुरुत्वमध्य २०वर, चौकटीचा मध्य ३०वर. म्हणजे टोकाच्या दिशेने १० पिक्सेल सरकवला की गणित जुळतं. डोळ्याला ७-८ही पुरतात.

जुना पेंटर | दुपारी २.५५

मास्तर, आम्ही त्याला "टोक पुढे काढणं" म्हणायचो. आज कळलं त्याला गुरुत्वमध्य म्हणतात.

रात्रपाळी | दुपारी ४.०५

विषय निघालाच आहे तर. नाशिकरोडला राहून अलाइनमेंटवर बोलतोय आणि नोटेची आठवण कुणाला झाली नाही? करन्सी नोट प्रेस १९२८पासून इथे आहे. ५००ची नोट उजेडासमोर धरा. डावीकडे खाली छोटी नक्षी आहे, तिचे काही तुकडे पुढच्या बाजूला छापलेत, काही मागच्या. उजेडात दोन्ही मिळून ५०० हा आकडा पूर्ण होतो. दोन बाजूंची छपाई केसभर सरकली तरी आकडा तुटका दिसेल. बनावट नोटवाल्याला गाठायला अलाइनमेंटच हत्यार केलंय.

मिसळीतला पाव | दुपारी ४.०९

माझ्या खिशातली ५००ची उजेडात धरायला आधी खिशात यावी लागेल.

अर्धा मिमी | संध्याकाळी ६.२०

शिरोरेषा जुळली, कडा कोरीव झाल्या. आता शेवटचा प्रश्न, आणि हा मला खरंच समजत नाहीये. मधोमध एक गोल दिवा आहे, मशीन चालू असलं की हिरवा होतो. १०० × १०० पिक्सेल, पक्का गोल, मी तीनदा तपासला. पॅनलवर तो चपटा दिसतो. प्रोग्रामर म्हणतो तुमचं चित्र चुकलं, मी म्हणते तुझं पॅनल चुकलं.

आडवाउभा | संध्याकाळी ६.३३

चित्र ताणलं गेलं असेल. पॅनल नक्की ८०० × ४८० आहे ना? १०२४ × ६०० नाही ना?

अर्धा मिमी | संध्याकाळी ६.३८

८०० × ४८०च. त्याने सेटिंगचा फोटो पाठवला.

पैठणीचा काठ | रात्री ८.१५

मी येवल्याचा, घरात माग आहे. पडद्याचं मला काही कळत नाही, पण चपट्या गोलाचं कळतं.

आम्ही मोर किंवा कमळ आधी आलेखाच्या कागदावर काढतो. एक चौकोन म्हणजे ताण्याचे (उभे) ठरावीक धागे आणि बाण्याचे (आडवे) ठरावीक धागे. ताणा आणि बाणा एका इंचात सारखे बसत नाहीत, त्यामुळे कागदावरचा चौकोन साडीवर चौकोन राहत नाही. कागदावर पक्का गोल काढला तर पदरावर तो लांबट नाहीतर बसका येतो. म्हणून जाणता माणूस कागदावर मुद्दाम वाकडा गोल काढतो, तो मागावर सरळ होतो. तुमच्या पॅनलचे चौकोन चौकोनी आहेत का, ते एकदा बघा.

कोपऱ्यातला | रात्री ८.४०

पैठणीवाले भाऊ, साष्टांग! मी काल रात्रीपासून पिक्सेल चौकोनी धरूनच बोलतोय.

७ इंची ८०० × ४८० पॅनलची माहितीपत्रकं आत्ता उघडून पाहिली. या जातीच्या अनेक पॅनलचा दिसणारा भाग १५४.०८ × ८५.९२ मिमी असतो. भागाकार करा. आडवा पिक्सेल ०.१९२६ मिमी, उभा ०.१७९ मिमी. पिक्सेल आडवा लांबट आहे! ताईंचा १०० पिक्सेलचा गोल काचेवर १९.२६ मिमी रुंद आणि १७.९ मिमी उंच पडतो. १.३६ मिमीचा फरक डोळ्याला कळणारच.

०.१९२६ भागिले ०.१७९ म्हणजे १.०७६. रुंदी १०० ठेवा, उंची १०८ करा. कोरलमध्ये अंडाकृती दिसेल, पॅनलवर गोल. आधी मात्र काचेवर पट्टी ठेवून दिसणारा भाग मोजा, तुमचं पॅनल त्याच जातीचं आहे याची खात्री करा.

मायक्रोमीटर | रात्री ८.५२

आणि मोजताना प्लास्टिकच्या कडेपासून नको, जिथून उजेड सुरू होतो तिथून मोजा. व्हर्निअर असेल तर उत्तम, पण काचेवर टोकं घासू नका.

आणखी एक, विषयाबाहेरचं. स्क्रीनवर 'थांबा' आहे ते ठीक. पण आपत्कालीन थांबा म्हणून तेवढ्यावर राहू नका. मशीनला हाताने आपटता येईल असं लाल मशरूम बटण वेगळं, वायरने जोडलेलं असलंच पाहिजे. पडदा हँग होतो, मशरूम होत नाही.

अर्धा मिमी | रात्री ९.०४

मशरूम आहे काका, दाराच्या शेजारीच. काच उद्या सकाळी जाऊन मोजते.

अर्धा मिमी | गुरुवार, दुपारी १.२५

अंबडहूनच लिहितेय. काच मोजली, १५४ × ८६ भरली. गोल १०० × १०८ केला, डावी कड ३५०, वर १८६. कोरलमध्ये कोंबडीचं अंडं दिसतंय. पॅनलवर बांगडी ठेवून बघितली, चहूबाजूंनी सारखी जागा सुटली. प्रोग्रामर पाच मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला, "मॅडम, बाकीच्या मशीनवरचे गोल पण करून द्याल का?"

पिक्सेल आडवे लांब आहेत हे कळल्यावर हातमोज्यांचं गणितही मिलिमीटरमध्ये केलं. ६४ पिक्सेल उंचीचं बटण काचेवर जेमतेम साडेअकरा मिमी होतं. उंची ८४ केली, आता १५ मिमी. इथल्या एका मावशींना हातमोज्यासकट दाबायला लावलं, चुकलं नाही. द्राक्षवेल दादा, तुमच्यामुळे सुचलं.

वहीच्या प्रत्येक पानावर डावीकडे वर बाण काढून "शून्य इथे" असं लिहिलंय.

द्राक्षवेल | दुपारी १.४०

हंगामाला मशीन आमच्याकडे आलं तर फोटो टाकतो.

पंचवटीकर | दुपारी १.५२

बांगडीने मोजमाप! फिग्मात हे हत्यार आहे का हो?

आडवाउभा | दुपारी १.५५

प्लगइन शोधतो.

अर्धा मिमी | संध्याकाळी ७.१०

पॅनल मशीनवर चढलं. शिरोरेषा सरळ, गोल गोल, ४३ बटणं जागेवर. दोन पावलं मागे जाऊन बघितलं तर सगळी स्क्रीनच तिरकी! फॅब्रिकेटरने दाराला पाडलेली खिडकी एका बाजूला २ मिमी खाली गेली आहे.

मायक्रोमीटर | संध्याकाळी ७.१६

त्याने डेटम कुठला घेतला होता ते विचारा.

अर्धा मिमी | संध्याकाळी ७.२१

विचारलं. म्हणाला, "डोळ्याने."

जुना पेंटर | संध्याकाळी ७.३०

माझ्याकडे बघू नका. मी दोरी लावतो.